संश्लेषित वलयी संयुगाची स्फटिकरचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनएमआर जुळला, मास जुळला, आयआरही (अवरक्त वर्णपटही) नीट आला. मग स्फटिकरचना कशाला काढायची?

स्फटिकरचना म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण टाकून काढलेला रेणूतल्या अणूंच्या जागांचा नकाशा. एनएमआर सांगतो की कोणता अणू कोणाच्या शेजारी आहे. मास स्पेक्ट्रम एकूण वजन सांगतो. पण वलय मिटताना ते नायट्रोजनच्या बाजूने मिटले की ऑक्सिजनच्या, पाच अणूंचे झाले की सहा, सपाट राहिले की दुमडले, हे या दोन्हींतून अनेकदा अंदाजानेच काढावे लागते. दोन संभाव्य रचनांचे रेणुसूत्र तंतोतंत सारखे असले, की अंदाज चुकायला वेळ लागत नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण पेनिसिलिन. त्यात चार अणूंचे बीटा-लॅक्टम वलय आहे की ऑक्साझोलोनचे पाच अणूंचे, यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठे रसायनतज्ज्ञ दोन बाजूंना होते. रॉबर्ट रॉबिन्सन यांचा कल ऑक्साझोलोनकडे होता. इतके ताणलेले चौकोनी वलय एवढ्या महत्त्वाच्या औषधात असेल, हे अनेकांना पटत नव्हते. डोरोथी हॉजकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंझिलपेनिसिलिनच्या सोडियम, पोटॅशियम आणि रुबिडियम क्षारांचे स्फटिक क्ष-किरणांखाली अभ्यासले आणि १९४५ मध्ये चार अणूंचे वलय समोर आले. आजही नवे वलय बनवल्यावर मला हीच गोष्ट आठवते.

या पानावर उदाहरण कोणत्या संयुगाचे घेतले आहे?

बिजिनेली अभिक्रियेतून मिळणाऱ्या डायहायड्रोपिरिमिडिनोनचे. पिएत्रो बिजिनेली या इटालियन रसायनतज्ज्ञाने १८९१ मध्ये ही अभिक्रिया मांडली. बेंझाल्डिहाइड, एथिल अॅसिटोअॅसिटेट आणि युरिया एकाच भांड्यात, किंचित आम्लाबरोबर तापवायचे. त्यातून दोन नायट्रोजन आणि चार कार्बन असलेले सहा अणूंचे वलय तयार होते. त्यावर एका जागी फिनाइल, दुसऱ्या जागी एस्टर, तिसऱ्या जागी मिथाइल गट असतो. सूत्रात १४ कार्बन, १६ हायड्रोजन, २ नायट्रोजन, ३ ऑक्सिजन, रेणुभार २६०.२९.

हे निवडण्याचे कारण साधे. प्रयोगशाळेत नवशिक्याच्या हातूनही ते नीट बनते, त्याचे स्फटिक बहुधा तक्रार न करता येतात, आणि वलयाबद्दल विचारण्याजोगे जवळजवळ सगळे प्रश्न या एका रेणूत आहेत.

वलयातल्या अणूंचे क्रमांक लक्षात ठेवा, पुढे लागतील: नायट्रोजन-१, कार्बन-२ (यावर कार्बोनिलचा ऑक्सिजन), नायट्रोजन-३, कार्बन-४ (यावर फिनाइल), कार्बन-५ (यावर एस्टर), कार्बन-६ (यावर मिथाइल). कार्बन-५ आणि कार्बन-६ यांच्यात दुहेरी बंध आहे.

चांगले स्फटिक येतच नाहीत. काय करू?

इथे घाई नडते. गाळणकागदावर जे पांढरे, चमकणारे चूर्ण दिसते तेही स्फटिकच असतात, पण फार लहान आणि एकमेकांत गुंतलेले. आपल्याला हवा असतो एकच, स्वच्छ, साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर मापाचा स्फटिक. तो हवा असेल तर द्रावण अतिसंपृक्ततेच्या (मावेल त्याहून जास्त पदार्थ विरघळलेला असण्याच्या) उंबरठ्यावर हळूहळू यायला हवे. झटक्यात आले तर हजारो केंद्रे एकदम तयार होतात आणि एकही मोठे होत नाही.

पहिला उपाय सावकाश बाष्पीभवनाचा. पदार्थ आधी नीट शुद्ध करा, गरम इथेनॉलमध्ये विरघळवा, द्रावण गाळून स्वच्छ शिशीत भरा, तोंडाला पॅराफिल्म लावून त्याला सुईने दोन-तीन भोके पाडा आणि धक्का लागणार नाही अशा जागी ठेवा. मग विसरा. रोज शिशी उचलून उजेडात बघण्याचा मोह फार होतो, आणि त्या हलवण्यानेच बहुतेक वेळा स्फटिकांचा चुरा होतो.

तेवढ्याने जमले नाही तर बाष्पविसरण. पदार्थ चांगल्या विद्रावकात विरघळवून लहान शिशीत घ्या. ती शिशी उघडीच एका मोठ्या बाटलीत ठेवा, बाटलीच्या तळाशी पदार्थ न विरघळवणारा पण जास्त उडून जाणारा विद्रावक घाला आणि बाटली बंद करा. उदाहरणार्थ आत डायक्लोरोमिथेन किंवा इथाइल अॅसिटेट, बाहेर पेंटेन. बाहेरची वाफ आत मुरत जाते आणि विद्राव्यता अगदी हळू घटते. अरुंद नळीत एका द्रावणावर दुसरा विद्रावक अलगद थर लावून ठेवण्याची पद्धतही याच विचाराची आहे.

स्फटिक दिसले की सगळे द्रावण उडून जाऊ देऊ नका. काही स्फटिकांच्या आत विद्रावकाचे रेणू अडकलेले असतात. कोरडे पडले की ते बाहेर पडतात आणि काचेसारखा स्फटिक डोळ्यांदेखत पांढरा, अपारदर्शक होतो. मापनाला देताना शिशीत मूळ द्रावण असू द्या.

सूक्ष्मदर्शकाखाली कोणता स्फटिक निवडायचा?

ध्रुवीकृत प्रकाशात फिरवून बघा. चांगला एकल स्फटिक ठरावीक कोनावर एकदम, संपूर्णपणे काळा होतो आणि पुढे पुन्हा उजळतो. अर्धा काळा झाला आणि अर्धा उजळ राहिला, तर ते दोन स्फटिक चिकटलेले आहेत. कडा सरळ, आत भेगा नाहीत, पृष्ठभागावर दुसरे कण नाहीत. सर्वांत मोठा स्फटिक निवडण्याचा मोह टाळा.

मोजणी सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय कळते?

युनिट सेल कळते, आणि तिच्यात अपेक्षेपेक्षा बरेच काही असते. युनिट सेल म्हणजे जिची पुनरावृत्ती करत गेले की सगळा स्फटिक उभा राहतो ती लहानात लहान पेटी. तिच्या तीन कडा आणि तीन कोन मिळाले की घनफळ मिळते, आणि घनफळावरून आत किती रेणू मावतात याचा अंदाज येतो.

सेंद्रिय संयुगांत हायड्रोजन वगळता प्रत्येक अणूला सरासरी १८ घन अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) जागा लागते, असा जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे. आपल्या रेणूत असे १९ अणू, म्हणजे सुमारे ३४२ घन अँगस्ट्रॉम. पेटीचे घनफळ १,३७० च्या आसपास आले तर आत चार रेणू, ६८५ च्या आसपास आले तर दोन. चार धरले तर घनता साधारण १.२६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते, आणि सेंद्रिय घन पदार्थाला ती शोभते. इतका हिशेब कागदावर करूनच पुढे जा.

माझ्या हातून एकदा हा हिशेब राहिला. याच अभिक्रियेतून आलेले सुंदर, लांबट, पारदर्शक स्फटिक मी यंत्रावर चढवले आणि रात्रभर मोजणी लावून घरी गेलो. सकाळी पेटी बघितली: ५.६, ५.६ आणि ४.७ अँगस्ट्रॉम, तिन्ही कोन ९० अंश. घनफळ दीडशेच्याही आत. आपला एक रेणूसुद्धा त्यात मावत नाही. तो न वापरला गेलेला युरिया होता. तेव्हापासून पेटी मिळाली की ती आधी मूळ पदार्थांच्या आणि स्फटिकरचनांच्या डेटाबेसमधल्या पेट्यांशी ताडून बघतो, मगच पूर्ण मोजणीची आज्ञा देतो.

स्पेस ग्रुप म्हणजे काय, आणि पी-२१-बाय-सी इतक्या वेळा का येतो?

पेटीतले रेणू एकमेकांशी कोणत्या सममितीने जोडलेले आहेत, याचे वर्णन म्हणजे स्पेस ग्रुप. असे एकूण २३० प्रकार शक्य आहेत, पण सेंद्रिय स्फटिक त्यांतले मोजकेच वापरतात. ज्ञात सेंद्रिय रचनांपैकी जवळपास एक तृतीयांश एकट्या पी-२१-बाय-सी मध्ये आहेत, त्यानंतर पी-एक-बार. कारण भूमितीचे आहे. वेड्यावाकड्या आकाराचे रेणू घट्ट बसवायचे तर एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खाचेत जायला हवा, आणि स्क्रू अक्ष (फिरवून पुढे सरकवणारा), सरक-प्रतल (आरशासारखे उलटवून सरकवणारे), उत्क्रम केंद्र (एका बिंदूतून आरपार उलटवणारे) या सममिती ते काम उत्तम करतात. आरसा तसे करत नाही. तो फुगवट्यासमोर फुगवटा आणतो.

फेजचा प्रश्न म्हणून जे म्हणतात ते काय आहे?

डिटेक्टर प्रत्येक विवर्तित (स्फटिकातून ठरावीक दिशेला वळलेल्या) किरणाची तीव्रता नोंदवतो, पण ती लहर कोणत्या टप्प्यावर होती, म्हणजे तिची फेज, हे नोंदवू शकत नाही. इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा काढायला मात्र दोन्ही लागतात. अर्धी माहिती मोजतानाच हरवते. तीव्रतांच्या परस्परसंबंधांतून हरवलेले टप्पे सांख्यिकीने परत मिळवण्याच्या थेट पद्धतींसाठी हर्बर्ट हॉप्टमन आणि जेरोम कार्ल यांना १९८५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या वाटेवरचे फार आधीचे पाऊल भारतीय भौतिकशास्त्रज्ञ केदारेश्वर बॅनर्जी यांचे, १९३३ मधले. ते नाव पाठ्यपुस्तकांत क्वचित दिसते, म्हणून मुद्दाम लिहितो. आज आपल्या १९ अणूंच्या रेणूसाठी संगणकाला हे काम काही सेकंदांचे आहे.

माझे वलय सपाट आहे की वाकलेले, हे कसे ठरवायचे?

या पानावरचा माझा सर्वांत आवडता प्रश्न.

सपाट वलयाचा पहिला ठोस पुरावा कॅथलीन लोन्सडेल यांनी १९२९ मध्ये हेक्सामिथिलबेंझिनच्या स्फटिकातून दिला. केकुलेने १८६५ मध्ये बेंझिनचे वलय मांडल्यापासून त्याचा खरा आकार तर्काचाच विषय होता. लोन्सडेल यांच्या मोजणीत सहाही कार्बन एका प्रतलात आले.

आपले वलय मात्र बेंझिनसारखे नाही. त्यात एकच दुहेरी बंध आहे. युरियाकडून आलेला नायट्रोजन-कार्बोनिल-नायट्रोजन हा भाग इलेक्ट्रॉन वाटून घेतो, म्हणून सपाट राहू पाहतो. दुहेरी बंधाचा भागही सपाट राहू पाहतो. या दोघांच्या मध्ये कार्बन-४ आहे, चार एकेरी बंधांचा, कोन १०९ अंशांच्या आसपास मागणारा. वलयाला दुमडायचे असेल तर ते इथेच दुमडते. म्हणून या कुळातल्या बहुतेक रचनांत कार्बन-४ प्रतलातून बाहेर आलेला दिसतो. एकटा तोच बाहेर असेल तर आकाराला लिफाफा म्हणतात, उघड्या झाकणाच्या लिफाफ्यासारखा. त्याच्या समोरचा नायट्रोजन-१ पण त्याच बाजूला थोडा उचललेला असेल तर ती उथळ होडी.

हे डोळ्यांनी ठरवू नका. आधी सहाही टॉर्शन कोन (प्रत्येक बंधाभोवती वलयाला किती पीळ आहे ते) एका ओळीत लिहा. सगळे शून्याजवळ असतील तर वलय सपाट. चिन्हे एकाआड एक बदलत असतील आणि आकडे ५५ अंशांच्या आसपास असतील तर सायक्लोहेक्झेनसारखी खुर्ची. लिफाफ्यात कार्बन-४ ला लागून असलेल्या दोन बंधांचे कोन सर्वांत मोठे येतात आणि समोरच्या टोकाला ते शून्याकडे घसरतात.

मग क्रेमर आणि पोपल यांनी १९७५ मध्ये दिलेले आकडे काढा. सहा अणूंच्या वलयासाठी ते तीन असतात: एकूण दुमड किती, आणि आकार सांगणारे दोन कोन, थीटा व फाय. थीटा ० किंवा १८० अंश म्हणजे खुर्ची. ९० अंश म्हणजे होडी किंवा पिळलेली होडी, त्यातले कोणते ते फाय सांगतो. ५५ किंवा १२५ च्या जवळ म्हणजे लिफाफा किंवा अर्धखुर्ची. आदर्श सायक्लोहेक्झेन खुर्चीत एकूण दुमड ०.६३ अँगस्ट्रॉम असते. आपल्या वलयात ती बरीच कमी येते. दुमडच ०.०५ अँगस्ट्रॉम असेल, तर थीटा-फायवर परिच्छेदभर चर्चा करू नका. त्या वलयाला सपाट म्हणा.

फिनाइल वलयाकडेही लक्ष द्या. ते कार्बन-४ वर जवळजवळ उभे असते, मुख्य वलयाच्या सरासरी प्रतलाशी ९० अंशांच्या आसपासचा कोन करून. शेजारच्या एस्टरची आणि त्याची टक्कर त्यामुळे टळते.

बंधलांबीच्या पुढे कंसात एक आकडा असतो. तो वाचायचा कसा?

तो प्रमाण अनिश्चिततेचा आकडा. १.५१२(३) म्हणजे १.५१२ अँगस्ट्रॉम, शेवटच्या स्थानी ३ ची अनिश्चितता. रचना वाचणाऱ्याने सर्वांत आधी हा कंस बघावा, असे मला मनापासून वाटते.

समजा एक बंध १.५१२(३) आणि दुसरा १.५१८(३) आहे. फरक ०.००६. दोघांची एकत्र अनिश्चितता वर्गमुळाने ०.००४ च्या आसपास. फरक तिच्या दीडपटही नाही, म्हणजे दोन्ही बंध सारखेच मानायचे. किमान तिप्पट फरक दिसेपर्यंत त्यामागे रासायनिक कारण शोधू नका. नसलेल्या फरकाची कारणे देणारे परिच्छेद मी अनेक शोधनिबंधांत वाचले आहेत, आणि दर वेळी वाईट वाटते, कारण ज्या मेहनतीने ते आकडे मिळाले त्यांच्यावरच तो अन्याय असतो.

फरक खरा असतो तेव्हा तो बोलका असतो. कार्बन-कार्बन एकेरी बंध १.५४, दुहेरी १.३४, बेंझिनमधला १.३९ अँगस्ट्रॉम. आपल्या वलयात कार्बन-५ आणि कार्बन-६ मधला बंध साधारण १.३५ येतो. कार्बन-२ पासून दोन्ही नायट्रोजन सारख्या अंतरावर असावेत असे वाटते, पण नायट्रोजन-१ कडचा बंध बहुधा थोडा लांब असतो. त्या नायट्रोजनच्या इलेक्ट्रॉन जोडीला दोन ओढ आहेत: एक कार्बन-२ च्या कार्बोनिलची, दुसरी दुहेरी बंधातून पलीकडच्या एस्टरची. नायट्रोजन-३ ला एकच. कागदावर बाण काढून शिकवलेले संस्पंदन इथे मोजपट्टीवर दिसते.

हायड्रोजन अणू खरोखर दिसतात का?

अंधुक दिसतात. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात आणि हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, तोही बंधाकडे ओढलेला. म्हणूनच क्ष-किरणांतून कार्बन-हायड्रोजन अंतर ०.९३ ते ०.९८ असे आखूड येते, तर न्यूट्रॉन विवर्तनात, जिथे केंद्रकच दिसते, ते १.०८ च्या आसपास असते. कार्बनवरचे हायड्रोजन गणिताने जागेवर बसवणे योग्यच आहे. नायट्रोजनवरचे मात्र फरक-नकाशात (मोजलेल्या आणि मॉडेलच्या इलेक्ट्रॉन घनतेतला फरक दाखवणाऱ्या नकाशात) शोधा आणि शक्य असेल तर मोकळे परिष्कृत करा, म्हणजे त्यांच्या जागा मोजणीशी जुळवून ठरू द्या, कारण स्फटिकातली सगळी बांधणी त्यांच्यावर उभी आहे.

रेणू एकमेकांना कसे धरून असतात?

आपल्या रेणूत हायड्रोजन बंधासाठी दोन नायट्रोजन-हायड्रोजन दाते आहेत, आणि कार्बोनिल ऑक्सिजन हे ग्राहक. दोन रेणू उत्क्रम केंद्राभोवती समोरासमोर येतात, एकाचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे आणि उलट. या दोन हायड्रोजन बंधांतून आठ अणूंचे एक नवे वलय बनते. स्फटिकशास्त्रज्ञ त्याला आर-दोन-दोन-आठ म्हणतात: दोन दाते, दोन ग्राहक, आठ अणू. कार्बोक्झिलिक आम्लांच्या जोड्यांतही हीच खूण सापडते. उरलेला दाता पुढच्या जोडीला धरतो आणि जोड्यांच्या साखळ्या किंवा पट्ट्या होतात.

फिनाइल वलयांमधील अंतर बघताना जपून. दोन वलयांचे मध्य ३.३ ते ३.८ अँगस्ट्रॉम अंतरावर असतील आणि वलये समांतर असतील, तरच थरावर थर बसण्याबद्दल बोलण्यात अर्थ आहे. पाच अँगस्ट्रॉमवरच्या वलयांना केवळ चित्रात छान दिसतात म्हणून जोडू नका.

आर-व्हॅल्यू किती असली म्हणजे रचना चांगली?

आर-वन ०.०५ च्या खाली असेल तर साधारणपणे बरी. मोजलेल्या आणि मॉडेलवरून काढलेल्या आयामांमधला (लहरींच्या उंचीतला) सरासरी तफावतीचा हा आकडा आहे. पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. कार्बनच्या जागी नायट्रोजन लावला तरी आर-व्हॅल्यू फारशी बिघडत नाही. बिघडतात ती एलिप्सॉइड, म्हणजे अणूंची हालचाल दाखवणाऱ्या अंडाकृती. एक अणू शेजाऱ्यांपेक्षा विचित्र लहान किंवा मोठा दिसत असेल तर पाणी तिथे मुरते आहे.

विदा (मोजणीचा डेटा) पुरेशी आहे का, हेही बघा. आपल्या रेणूला सुमारे १७५ चल (जुळवायचे आकडे) लागतात, आणि चार रेणूंच्या पेटीतून ०.८४ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्यापर्यंत साधारण २,४०० स्वतंत्र परावर्तने मिळतात. एका चलामागे तेरा-चौदा निरीक्षणे, हे उत्तम. चेकसिफ या रचना तपासणाऱ्या प्रोग्रॅमने ए किंवा बी दर्जाचा इशारा दिला तर तो लपवण्याचा मार्ग शोधू नका, कारण शोधा.

एथिल गटाचे एलिप्सॉइड फुगलेले, लांबट दिसतात. चूक झाली का?

बहुधा नाही. एस्टरच्या टोकाचा एथिल गट मोकळा असतो, आणि वेगवेगळ्या पेट्यांत तो दोन वेगळ्या जागी बसलेला असू शकतो. नकाशात त्यांची सरासरी दिसते. १०० केल्व्हिनला पुन्हा मोजा. एलिप्सॉइड आक्रसले तर ती उष्णतेची हालचाल होती. तसेच राहिले तर दोन जागांचे मॉडेल करा आणि त्यांचे प्रमाण परिष्कृत करा.

कार्बन-४ असममित आहे. रेणू डावा की उजवा, हे स्फटिकरचना सांगेल ना?

साध्या बिजिनेली अभिक्रियेतून दोन्ही सारख्या प्रमाणात येतात. स्पेस ग्रुपमध्ये उत्क्रम केंद्र असेल तर पेटीतही दोन्ही असतात आणि प्रश्नच उरत नाही. दोघांना वेगळे करून एकाचाच स्फटिक वाढवला असेल तर मात्र उत्तर मिळू शकते. बाइव्हूट आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये टार्टारिक आम्लाच्या सोडियम-रुबिडियम क्षारावर हे प्रथम करून दाखवले. फक्त कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन असतील तर मॉलिब्डेनमच्या क्ष-किरणांनी (०.७१ अँगस्ट्रॉम) खात्रीचे उत्तर मिळणे कठीण, तांब्याचे (१.५४ अँगस्ट्रॉम) वापरा, किंवा रेणूत गंधक वा ब्रोमीन असलेले रूप बनवा. डावा-उजवा बरोबर निवडला का हे सांगणारा फ्लॅक पॅरामीटर शून्याजवळ असणे पुरेसे नाही, त्याची अनिश्चितताही लहान हवी. ०.१(४) या आकड्याने काहीच सिद्ध होत नाही.

एका स्फटिकाची रचना मिळाली. म्हणजे शिशीतला सगळा पदार्थ तोच, असे म्हणता येईल?

नाही. तुम्ही सर्वांत सुंदर कण निवडला होता, आणि तो बाकीच्यांसारखा असेलच असे नाही. माझ्या युरियाची गोष्ट वर आहेच. उरलेल्या चूर्णाचे पावडर विवर्तन (चूर्णावर क्ष-किरण टाकून मिळणारा शिखरांचा नमुना) काढा आणि एकल स्फटिकाच्या रचनेवरून गणिताने काढलेल्या नमुन्यावर ठेवून बघा. जास्तीची शिखरे दिसली तर दुसरा पदार्थ आहे किंवा त्याच रेणूची दुसरी बांधणी. रिटोनाविर या औषधाच्या बाबतीत १९९८ मध्ये असेच झाले. बाजारात आल्यावर त्याचे कमी विरघळणारे दुसरे स्फटिकरूप प्रकट झाले आणि कॅप्सूल परत घ्याव्या लागल्या. रेणू तोच होता.

मोठा स्फटिक मिळतच नसेल तर?

इलेक्ट्रॉन विवर्तनाला एक मायक्रोमीटरपेक्षा लहान स्फटिकही चालतात. २०१८ मध्ये लहान सेंद्रिय रेणूंच्या रचना चूर्णातूनच अशा काढून दाखवण्यात आल्या आणि तेव्हापासून ही वाट रुळत चालली आहे. पावडर विवर्तनातूनही रचना सोडवता येते, पण त्यासाठी रेणूचा सांगाडा आधी माहीत असलेला बरा.

रचना पूर्ण झाली. फाइल कुठे ठेवायची?

१९६५ पासून चालत आलेल्या केंब्रिज स्ट्रक्चरल डेटाबेसकडे सिफ फाइल (रचनेची प्रमाणित स्वरूपातली फाइल) जमा करा. त्यासाठी पैसे लागत नाहीत, जमा क्रमांक मिळतो आणि तो शोधनिबंधात द्यायचा असतो. २०१९ मध्ये तिथल्या रचनांची संख्या दहा लाखांवर गेली. निबंध लिहायचा नसेल तरीही ती ‘सीएसडी कम्युनिकेशन’ म्हणून जमा करता येते. सिफमध्ये परावर्तनांची यादीही असू द्या, आणि डिटेक्टरच्या मूळ प्रतिमा स्वतःकडे जपून ठेवा. वलयाच्या आकारावर उद्या कोणी शंका घेतली, तर त्याला तिथूनच सुरुवात करावी लागेल.